फ्रेंच सिनेमाचा मराठी शेवट

ऊर्मी, मैत्रेय —

हे मी कालपर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. माझ्या डायरीत कुकरची शिटी बदलल्याचीही तारीख असते हे तुम्हाला माहीत आहे, त्यावरून तुम्ही मला हसता — पण त्या डायरीतही हे कुठे नाही. हा चौथा कागद आहे. आधीचे तीन मी नीट घडी घालून फाडले. घडी घालून — बघा, फाडतानाही.

गेल्या रविवारी ऊर्मी, तुझा फोन आला. तुमच्या तिकडच्या एका छोट्या थिएटरात जुना फ्रेंच सिनेमा लागला होता आणि तू तो बघून थेट रस्त्यातूनच बोलत होतीस. “आजी, इतका गोड सिनेमा! आठवडाभराचा शीण गेला. आणि माहीत आहे का, हीच तर आत्याआजीची पियानोवाली गोष्ट! फक्त शेवट वेगळा आहे. आत्याआजी विसरलीय वाटतं.”

मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, “हो गं, वय झालं तिचं.”

तुमची आत्याआजी — आजोबांची धाकटी बहीण कुंदा — तेव्हा माझ्यापासून तीन फुटांवर बसून जवस निवडत होती. तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. ती काहीही विसरलेली नाही. गेली जवळजवळ चाळीस वर्षं ती ती गोष्ट जशी ऐकली तशीच सांगते आहे — आधी तुमच्या बाबाला आणि काकांना, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हाला. चूक तिच्या सांगण्यात नाही. चूक तिने जिच्याकडून ऐकली तिची आहे. आणि चूक तरी का म्हणू? चूक नकळत होते.

तेव्हापासून मी स्वतःवर चिडलेली आहे. चहात साखर दोनदा घातली. तुझ्या त्या “गोड”वर चिडले आहे, त्या सिनेमावर चिडले आहे. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात ना? मी नाही झाले.

सुरुवातीपासून सांगते. नाहीतर तुम्हाला कळणार नाही, आणि मला पळायला जागा मिळेल.

आम्ही तेव्हा आलापल्लीला होतो. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आजोबा जंगलखात्याच्या लाकूड डेपोवर होते आणि मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. नागपूरला एम.ए. केलेली बाई आलापल्लीला मी एकटीच, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. तीन मुलं — तुमचा बाबा सगळ्यात लहान, चार वर्षांचा. आणि येत्या जूनपासून मी मुख्याध्यापिका होणार, असं जवळपास ठरलं होतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी एक तक्ता लावला होता. फुलस्केप कागद, पट्टीने मारलेल्या रेघा, लाल शाईत वार, निळ्या शाईत कामं. पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत. येणारे-जाणारे त्याचं कौतुक करायचे. डेपोच्या साहेबांच्या पत्नीने तर तो कागदावर उतरवून नेला होता. त्या तक्त्यात माझं नाव चार ठिकाणी होतं, आजोबांचं एका ठिकाणी. बाकी सगळीकडे — दूध, डबे, बाबाची अंघोळ, त्याचा ताप, हापशीचं पाणी, गव्हातले खडे — बाकी सगळ्या रकान्यांत एकच नाव होतं. कुंदा.

ती चिमूरकडची, म्हणजे आजोबांच्या गावची, सत्तावीस वर्षांची. मॅट्रिक झालेली. माझ्या सासूबाई, म्हणजे तिची आई, वारल्यावर आमच्याकडे राहायला आली ती राहिलीच. “वैनी, तुमी फक्त शिकवा, बाकी मी पाह्यते,” असं ती म्हणायची, आणि मी तिला अगदी बिनदिक्कत बघू दिलं.

एटापल्लीच्या बाजूला एका आश्रमशाळेत सुखदेव नावाचे शिक्षक होते. दर शनिवारी लाल गाडीने आलापल्लीला यायचे, शाळेसाठी खडू-तेल-मीठ घ्यायचे आणि जाताना आमच्या ओसरीवर टेकायचे. कधी मधाची बाटली, कधी पळसाच्या पानात बांधलेली चारोळी. आमच्यासारखेच, पंचशील म्हणणाऱ्या घरातले. म्हणजे जातीचा अडसर नव्हता, घराण्याचा नव्हता, पगार होता, व्यसन नव्हतं. मी हे मुद्दाम लिहिते आहे. नंतर कोणी माझ्यासाठी एखादं कारण शोधायला नको.

मार्चमध्ये त्यांनी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, “कुंदाले विचारा, तिचं आयुष्य तिचं.” कुंदाने वैशाखी पौर्णिमेपर्यंतचा वेळ मागितला. पौर्णिमेला विहारात सगळे जमणार, तिथे ते येतील आणि ती सांगेल. त्यांची बदली सिरोंच्याला होणार होती. हो म्हणाली असती तर जूनमध्ये ती सिरोंच्याला गेली असती.

जूनमध्ये. कळतंय ना?

तिने मला विचारलं होतं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. “वैनी, तुमाले काय वाटते?” मी म्हणाले, “तुझा निर्णय तू घे.” किती शहाणं वाक्य! तेव्हाही मला ते बोलल्यावर स्वतःचा अभिमान वाटला होता.

आणि एप्रिलच्या शेवटी तो सिनेमा आला.

आमच्या साहेबांचा एक मित्र नागपूरला चांगले परदेशी सिनेमे मागवून दाखवायचा. त्याने चार दिवसांसाठी रिळांचे पत्र्याचे डबे बसने पाठवून दिले. खात्याकडे प्रोजेक्टर होताच — वणवा लावू नका, हिवतापाच्या गोळ्या खा, असल्या फिल्मा गावोगाव दाखवायला. तो चालवायचा लच्चू, इथल्याच माडिया पाड्यावरचा, तीस-पस्तिशीचा शांत माणूस. प्रश्न भाषेचा होता. बोलणं फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरं. साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही माइकवर मराठीत सांगत चला.” मला काय, हवंच होतं.

संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, दुपारी शेडमध्ये बसणं अशक्य. म्हणून सकाळी आठचा खेळ ठरला. डेपोच्या रिकाम्या शेडला ताडपत्र्या लावल्या, समोर पांढरी चादर. दोन खेळ: शनिवारी आम्हा कॉलनीवाल्यांसाठी, रविवारी तेंदूपानाच्या कामाला आलेल्या मजुरांसाठी आणि उरलेल्या सगळ्यांसाठी. शनिवारी बाबाला ताप होता. तक्त्याप्रमाणे ताप कुंदाच्या रकान्यात येत होता. म्हणून ती घरी राहिली आणि मी गेले.

सिनेमा तुम्हाला माहीत आहे, तरी मैत्रेयसाठी सांगते. सोलाँज नावाची मुलगी. भावाची बायको वारलेली, त्याची चार मुलं ही सांभाळते. खाली त्यांचं बटणांचं दुकान, वर घर, घरात एक पियानो. महिन्यातून एकदा पियानो सुरात लावायला एक माणूस येतो. तो पुन्हा यावा म्हणून सोलाँज दर महिन्याला एक बटण पियानोच्या तारांत टाकून ठेवते. तो बटण काढतो, काही न बोलता खिशात ठेवतो, सूर लावून जातो. मग एक दिवस तो कोट घालून येतो, आणि त्या कोटाला ती सगळी बटणं लावलेली असतात. लाल, हिरवं, शिंपल्याचं, एक लहान मुलाच्या झबल्याचं. त्याला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं!

तो कोट दिसला तेव्हा शेडमध्ये काय टाळ्या पडल्या! मी स्वतः माइक खाली ठेवून हसत होते. काय असतं गं अशा सिनेमात? मी ह्या प्रश्नावर तेव्हापासून वैतागलेली आहे. आम्ही सगळे तिथे बदलीची वाट बघत दिवस काढणारी माणसं. हिवताप, पुलावरचं पाणी, चार चार दिवस न येणारं टपाल. आणि समोर असं एक गाव जिथे सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ऑम्लेट करपणं. काखेत पाव घेऊन चालणारी माणसं, मधासारखं ऊन, आणि कोणालाही कसलीही घाई नाही. दुसऱ्या दिवशी मजूर बाया पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “पाहा वं, ते गोरी बी काम टाकून खिडकीतच उभी राह्यते.” सगळ्या खिदळल्या. त्यांना तो सिनेमा परका वाटलाच नाही. आलापल्लीत तो कोणालाच परका वाटला नाही. फक्त मला एका जागी टोचला.

शेवटाजवळ एक प्रसंग आहे. शेजारची म्हातारी, जिने गच्चीत कोंबड्या पाळल्या आहेत, तिला सोलाँज विचारते, मी गेले तर मुलांना सकाळी उठवणार कोण? म्हातारी म्हणते, कोंबड्या. सोलाँज विचारते, आणि जेवू कोण घालेल? म्हातारी म्हणते, त्यांना हात आहेत. मग सोलाँज त्या माणसाच्या दोघांनी चालवायच्या सायकलवर मागे बसते, मुलं आणि भाऊ करपलेल्या ऑम्लेटच्या धुरात उभे राहून हात हलवतात, हसतात, नाचतात — आणि ती जाते. जातेच. परत येत नाही.

शनिवारी हे सगळं मी जसंच्या तसं सांगितलं. “कोंबड्या!” ह्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. मी हसले नाही. घरी येताना मला राग आला होता, आणि कशाचा ते मला धड कळत नव्हतं. घर कोसळत नाही, हे त्या सिनेमाने इतकं सहज सांगितलं होतं! एक बाई जाते, बाकीचे ऑम्लेट करपवतात आणि हसतात. हे इतकं सोपं असतं का? माझा तक्ता त्या दिग्दर्शकाने पाहिला होता का?

घरी आल्यावर कुंदाने विचारलं, “वैनी, कसा हाय?” मी म्हणाले, “ठीक आहे. उद्या तू बघ, मी सांगणार आहेच.”

म्हणजे ठरलं होतं का माझं? मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय की नव्हतं ठरलं, ऐन वेळी जीभ घसरली. खोटं आहे. रात्रभर मी मनात वाक्यं जुळवत होते. इंग्रजीची शिक्षिका — वाक्यं जुळवणं माझं कामच.

आणि एक गोष्ट मी शनिवारीच शिकले होते. ती खालची अक्षरं पांढरी असतात. जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड असलं की पांढऱ्यावर पांढरं काहीच दिसत नाही. तेव्हा शनिवारी चार-पाच ठिकाणी मी अंदाजाने काहीबाही बोलून वेळ निभावली होती. “भाऊ म्हणतोय, सूप गार झालं.” कोणालाही शंका आली नाही. एकदा हे कळलं की —

रविवारी कुंदा आली. निळी सुती साडी, केसांत काही नाही. बायकांच्या बाजूला मधोमध बसली. पुरुषांच्या बाजूला भिंतीशी सुखदेव सर होते. ते शनिवारी परत गेलेच नव्हते, ओळखीच्या कोणाकडे मुक्कामाला राहिले होते.

बटणांच्या कोटापर्यंत मी सगळं नीट सांगितलं. मग म्हातारी आली. सोलाँजने विचारलं, मुलांना कोण उठवणार. आणि मी माइकवर म्हणाले, “म्हातारी म्हणते, पोरी, ह्या लेकरांना आई नाही, तूच आई. तू गेलीस तर ह्यांचं कसं होईल? तो माणूस महिन्याला येतो, येऊ दे. तेवढंही सुख पुष्कळ असतं.” बोलताना माझा आवाज भरून आला होता. खरंच भरून आला होता! स्वतःच्या खोट्याने आवाज भरून येतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे सायकल आली, हात हलले. मी म्हणाले, “सोलाँज त्याला स्टेशनवर पोचवायला चालली आहे. संध्याकाळी परत येईल. म्हणून सगळे हसतायत.”

चादर पांढरी झाली. टाळ्या पडल्या. शनिवारइतक्या नाही, पण पडल्या. दोघी-तिघी मजूर बायांनी पदराने डोळे पुसले.

लच्चू रीळ गुंडाळत होता. मान वर न करता हळूच म्हणाला, “बाई, काल तं तुमी येगळंच सांगत होत्या.”

“काल घाईत चुकलं होतं,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “हव, होते तसं,” आणि डब्याचं झाकण लावलं. त्याने ते कोणालाही सांगितलं नाही. ती त्याची सभ्यता होती, माझं नशीब नव्हे.

तर, हा झाला माझा गुन्हा — असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा होती. बघा, ह्यात एक प्रकारची गंमत आहे. सिनेमाचा शेवट बदलणारी बाई! तुम्ही हसून सोडूनसुद्धा द्याल. इतकी वर्षं मी स्वतःपाशी कबुली द्यायची ती एवढीच द्यायची. एवढ्यावर थांबले तर मी अजून बऱ्यापैकी सभ्य राहते.

पण त्या शेडमध्ये इंग्रजी वाचता येणारं आणखी एक माणूस बसलं होतं. सुखदेव सर. आश्रमशाळेत तेही पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायचे. माझ्यासारखं नसेल, पण “हेन्स” हा शब्द वाचायला एम.ए. लागत नाही. आणि मला हे माहीत होतं. रविवारी बोलताना मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. तरी मी पुढचं वाक्य बोलले.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ते आमच्या फाटकाशी आले. आजोबा जंगलात दौऱ्यावर. मी शाळेच्या तपासलेल्या वह्या बांधत ओसरीवर होते. उठून फाटकापाशी गेले. फाटक उघडलं नाही. घराच्या मागे कुंदा हापशीवर कपडे धूत होती आणि त्या सिनेमातली पियानोची धून गुणगुणत होती. फाटकापर्यंत ऐकू येत होती.

ते म्हणाले, “बाई, काल तुम्ही जे सांगितलं ते तिथे लिहिलेलं नव्हतं.”

मी फाटकाची कडी हाताने धरून ठेवली.

ते म्हणाले, “मला फक्त एवढंच विचारायचं आहे. ते तुमचं होतं, की कुंदाबाईंनी तुम्हाला सांगायला लावलं होतं?”

बघा ना, भल्या माणसाच्या डोक्यात काय आलं! त्याला वाटलं, तोंडावर नाही म्हणायला संकोच वाटला म्हणून कुंदाने माझ्याकडून सिनेमातून निरोप दिला. इतक्या माणसांत, त्याचा अपमान होऊ नये अशा बेताने. त्याने माझ्या खोटेपणातसुद्धा तिचा चांगुलपणा शोधला होता. आणि तो आता खात्री करून घ्यायला आला होता. मला एक शब्द बोलायचा होता. “माझं.” दोन अक्षरं. किंवा तेही नाही — मागे वळून हाक मारायची होती. ती वीस पावलांवर होती.

मी म्हणाले, “कुंदाचंच.”

त्यांनी पिशवीत हात घातला. मग चारोळीची पुडी फाटकाच्या खांबावर ठेवली. म्हणाले, “त्यांना सांगा, माझा काही राग नाही. पौर्णिमेला मी येत नाही, त्यांना अवघड होईल.” आणि गेले. बस स्टँडच्या दिशेने, मुरमाच्या रस्त्याने. मी बघत होते. हाक मारण्याइतके जवळ ते बराच वेळ होते.

मी निरोप सांगितला नाही. चारोळी डब्यात ओतली. पाडव्याची होती त्यातच.

पौर्णिमेला ते आले नाहीत. नंतर कळलं, सिरोंच्याला रुजू झाले. आजोबांनी मला विचारलं, काय झालं असेल? मी म्हणाले, मन बदललं असेल, पुरुषांचं काय सांगावं. कुंदाने कोणाला काही विचारलं नाही. जूनमध्ये मी मुख्याध्यापिका झाले. तक्ता नवा केला. तिचे रकाने वाढले.

माझी समजूत अशी होती — आणि कालपर्यंत होती — की कुंदा सिनेमा बघून विरघळली, लेकरांसाठी राहिली, तिचं उत्तर नाहीच असतं. फाटकावर मी बोलले ते फक्त थोडं आधी बोलले. ह्या समजुतीवर मी झोपले, जेवले, निवृत्त झाले, समारंभात शाल घेतली. त्या समारंभात तुमचा बाबा म्हणाला होता, “आत्याने आमच्यासाठी आयुष्य दिलं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दिलं? तिने दिलं?

तुझ्या फोननंतर मला राहवेना. काल दुपारी जेवणं झाल्यावर मी तिच्या समोर बसले आणि सांगितलं — फक्त सिनेमाचं. म्हातारी काय म्हणाली होती, सायकल कुठे गेली. पुन्हा अर्धंच सांगितलं, बघा. वाटलं, ती रडेल, रागावेल.

ती हसली. खळखळून हसली, दातांची कवळी धरून. “अवो वैनी! एवढं मनाले लावून घेतलं? मी पडदा कुठी पाह्यला वं त्या दिवशी? मी तं त्यायच्याकडंच पाहून राह्यली होती. कानानं तुमची गोष्ट आयकली तेवढी. तेच पोरायले सांगतली.”

मग म्हणाली, “मी तं हो म्हणणार होती. तुमी काई बी सांगतलं असतं तरी. पुनवेसाठी पांढरी साडी काढून ठेवली होती, दोन दिवस आधीपासून घडी मोडून. तेच नाई आले. त्यायच्याच मनात नसन.”

आणि पुन्हा पानाच्या डब्याकडे वळली. इतकी वर्षं ती असं समजून जगली की त्या माणसाला ती नको होती.

मला थांबता आलं असतं. ती हसत होती. खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं.

मी म्हणाले, “कुंदा, ते आले होते. सोमवारी. फाटकापर्यंत.”

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. राग नाही म्हणाले, तेही — निरोप मी काल पोचवला. ती ऐकत होती. अडकित्ता हातात तसाच. ओरडली नाही. मी वाट बघत होते की तिने काहीतरी म्हणावं, मला शिवी द्यावी.

तिने एकच विचारलं.

“काय घातलं होतं त्यायनं?”

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, डोळे मिटून. फाटक आठवलं, मुरूम आठवला, पानाची पुडी आठवली. त्यांचा सदरा आठवला नाही. पांढरा होता की निळा, बाह्या दुमडलेल्या होत्या का, पायांत काय होतं — काहीच नाही. मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

“आठवत नाही,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

— तुमची आजी